गाडी शेडमध्ये आहे

बाबा, तुमची गाडी अजून सुरू झालेली नाही, पण दोष कुठे आहे ते कळलं आहे. दोष डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत आहे. आज दुपारी मिस्त्रींनी त्याला दुजोरा दिला. खरं तर सकाळीच मी तो पाहिला होता. पण एकाच माणसाने पाहिलेलं छापायचं नाही, दुसऱ्याकडून पक्कं करून घ्यायचं, ही अकोल्याच्या पेपरच्या डेस्कवरची सवय आता इतकी अंगात भिनली आहे की मी टोपी तशीच परत बसवली, हात पुसले आणि त्यांना फोन केला. ते आले, क्लिपा काढल्या आणि टोपी उजेडाकडे धरली. मग म्हणाले, “ताई, हे जंग नाही. हे ओलं हाये.”

तुमच्याच टेबलाशी बसून लिहिते आहे, पक्षकारांच्या खोलीत. खिडकीतून शेड दिसतं. गाडीचं नाक आणि एक दिवा दिसतो, दुसरा दिवा खांबाआड जातो. लहानपणी मी या खिडकीत उभी राहून ‘बाबा आहेत’ किंवा ‘बाबा नाहीत’ असं सांगायचे, त्यासाठी घरात बघावं लागायचं नाही. साऱ्या गल्लीचीच ती रीत होती. अचलपूरहून, अकोटहून आलेले पक्षकार फाटकाशी थांबून आधी शेडकडे मान वळवत. गाडी शेडमध्ये असली की वकीलसाहेब घरात. नसली की साहेब कोर्टात, आणि मग ते कडुनिंबाखाली डबा उघडून बसत. एकदा तुम्ही गाडी दुरुस्तीला टाकून रिक्षाने घरी आलात आणि आतल्या खोलीत आडवे झालात. दारात आलेल्या माणसाला आईनेच सांगितलं, “नाहीत घरी.” तुम्ही आतून खोकलात तेव्हा ती केवढी दचकली! ही गोष्ट आम्ही कितीतरी वर्षं हसत सांगत होतो. आता ती मला तेवढी हसण्यासारखी वाटत नाही.

मुद्दा गाडीचा नाही, आईचा आहे. ती ऐंशीच्या पुढे गेली आहे आणि या घरात एकटी राहते. पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि कामवाली बाई येईपर्यंत तशीच पडून होती. हात प्लास्टरमध्ये असतानाही फोनवर मला सांगत होती, वाती वळता येत नाहीत एवढंच, बाकी सगळं ठीक आहे. प्लास्टर निघाल्यावर मी आले ते विचारायला नाही, न्यायला. अकोल्याला तिची खोली तयार आहे. तुमचे जावई स्वतः येऊन तिला सांगून गेले. तिने सगळं ऐकून घेतलं, त्यांना दोन पोळ्या आग्रहाने जास्त वाढल्या आणि ते गेल्यावर मला विचारलं, “गाडीचं काय करशील?”

“नेऊ की. टोचन करून नेऊ अकोल्याला.”

“टोचन? दोर बांधून? यांची गाडी ढोरासारखी ओढत नेशील तू बडनेऱ्याच्या चौकातून?”

“मग काय करू, आई?”

“ती आपल्या पायांनी निघाली तर मी तिच्यात बसून येते. पुढे, तुझ्या बाजूला. नाही निघाली तर मी इथं काय वाईट आहे? लिहून घे पाहिजे तर. वकिलाची बायको आहे, साक्ष फिरवणार नाही.”

मी लगेच हो म्हटलं. इतकी सोपी अट घालून आई स्वतःच अडकली, असं मला वाटलं. कचेरीत रजा टाकली आणि जुन्या गाड्यांचं काम कोण करतं याची चौकशी सुरू केली.

वलगाव रोडवरचे एक मिस्त्री अजून अशा गाड्यांना हात लावतात. तोंडात खर्रा, डोक्याला रुमाल, आणि बोलण्याची हौस अशी की पाना खाली ठेवून बोलतात. आल्या आल्या त्यांनी बॉनेटवर थाप मारली. “काय वं बुढे, झाली का झोप?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “जुन्या गाडीचा आजार म्हंजे कारबोरेटर. दुसरं काई राहतच नाही. लिहून ठेवा.” त्यांनी कारबोरेटर उघडला, धुतला, फुंकला, बसवला. गाडी सुरू झाली नाही. पुन्हा उघडला, पुन्हा धुतला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला वार्निशसारखा वास येत होता. पंपाचा पडदा फाटलेला निघाला, तो बदलला. नवी बॅटरी टाकली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, कण्हायचं, आणि पुन्हा गप्प. “कारबोरेटरच हाये,” मिस्त्री म्हणाले. “मानून नाही राहिला तो, पन त्याचंच काम हाये हे.”

तेव्हा मला तुमची पद्धत आठवली. रविवारी सकाळी तुम्ही बाही दुमडून बॉनेटमध्ये वाकलेले असायचात आणि मी फ्रॉकच्या खिशात प्लगचा पाना घेऊन बाजूला. इंजिन हा चांगला साक्षीदार आहे, तुम्ही म्हणायचात. खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय बोलतही नाही. प्रश्न असा विचारायचा की उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल, आणि एका वेळी एकच विचारायचा. पेट्रोल येतं का? हो. ठिणगी पडते का? मी मिस्त्रींना म्हटलं, जरा कारबोरेटर सोडा, हे विचारू. ते नाराज झाले, पण सेल्फ मारायला बसले. मी कॉइलमधून येणारी जाड वायर उपटून तिचं टोक इंजिनच्या अंगाजवळ धरलं. टक् टक् टक्, निळी, दमदार ठिणगी. हो. मग प्लगची वायर तशीच धरली. इंजिन फिरतंय, बॅटरी दमतेय, आणि टोकाशी काहीच नाही. म्हणजे करंट डिस्ट्रिब्यूटरमध्ये जातो आणि बाहेर येत नाही. कपाएवढी काळी टोपी घातलेला तो डबा. कॉइलचा करंट मधून आत घ्यायचा आणि प्लगांना पाळीपाळीने वाटायचा, एवढंच त्याचं काम. टोपी उघडली तर आतून लाल. थरावर थर साचून वाळलेला, भेगा गेलेला लाल.

“पाहा,” मिस्त्री म्हणाले, “जंग. पावसाची हवा शिरली.”

मीही मान डोलावली. बेकेलाइटच्या टोपीला गंज कसा चढेल, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. त्यांनी पॉलिश पेपरने घासून सगळं खरवडलं, लाल भुगा जमिनीवर सांडला, टोपी बसली. मी तुमच्या जागेवर बसून किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली.

दिवेलागणीची वेळ होती. शेड धुराने भरलं आणि तो आवाज, बाबा, तो मी विसरले होते असं मला वाटत होतं. मधेच अडखळून पुढे जाणारा, जरा घोगरा. एक आरती म्हणून होईल एवढा वेळ ती चालली आणि आपोआप बंद पडली. मिस्त्री टाळ्या वाजवत होते. त्यांचा आवाज थांबला तेव्हा मला स्वयंपाकघरातून शेगडीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग आई मागच्या दारात आली, पदराला हात पुसत. पायरीवर थांबली. ती माझ्याकडे बघत नव्हती, गाडीच्या दाराकडे बघत होती. मी दार उघडून खाली उतरले. तिने मला पाहिलं आणि ती आत गेली. नंतर मी आत गेले तेव्हा गॅस बंद होता. भांड्यात पाणी, साखर आणि किसलेलं आलं. तिला आल्याचा चहा सोसत नाही. आलं तुम्हाला लागायचं.

हे तिने आधी एकदा केलेलं आहे, आणि तेव्हाही मीच गाडीतून उतरले होते. त्या दिवशी तुमची अकोल्याला तारीख होती. कोर्टाच्या आवारातच तुम्हाला कसंसं झालं, सोबतच्या वकिलांनी दवाखान्यात नेलं आणि मला पेपरच्या कचेरीत फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. कुणीतरी तुमची किल्ली रुमालात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. तुमच्याबरोबर शववाहिकेत बसायला मंडळी होती. मी म्हटलं, गाडी मी आणते. ती कोर्टाच्या झाडाखाली एकटी उभी राहील, ही कल्पना मला सहन होत नव्हती, दुसरं काही कारण नव्हतं. सीट तुमच्या उंचीला मागे ओढलेली होती. मी तिच्या काठावर बसून, पाय ताणून मूर्तिजापूरमार्गे घरापर्यंत आले. आरसाही तुमच्या डोळ्यांना लावलेला. त्यात मला मागचा रस्ता दिसत नव्हता, नुसतं आभाळ दिसत होतं. तुम्ही मागून येत आहात की नाही, ते मला कळत नव्हतं. आरसा वळवायला दोनतीनदा हात वर गेला आणि तसाच खाली आला.

शववाहिका वाटेत कुठेतरी डिझेलला थांबली होती, ते मला माहीत नव्हतं. मी आधी पोचले. आईला फोनवर एवढंच सांगितलेलं होतं की बरं वाटत नाही म्हणून घरी आणत आहेत. कोपऱ्यावर वळताना तुमच्या गाडीचा आवाज आला की ती चहाचं आधण ठेवायची, तुम्ही बूट काढेपर्यंत कप हातात. त्या दिवशीही तिने ते ठेवलं. तुम्ही स्वतः गाडी चालवत आलात, म्हणजे विशेष काही नाही, असं तिला वाटलं असणार. पदराला हात पुसत ती याच पायरीवर आली आणि मी तुमच्या बाजूच्या दारातून उतरले. मला काही सांगावं लागलं नाही.

त्यानंतर मी रविवारी येऊन इंजिन तेवढं चालू करून बंद करायचे. पहिल्या दसऱ्यानंतर तेही जमेना. गाडी सुरू होईना, माझंही येणं कमी झालं आणि ती तशीच राहिली. आरसा आजही तसाच आहे.

तर पुढचं सांगते. त्या संध्याकाळी सुरू झालेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी मेल्यासारखी. मिस्त्रींनी टोपी उघडली, पुन्हा लाल. घासली, पुसली, दुपारी इंजिन गुरगुरलं. या वेळी स्वयंपाकघरातून कसलाही आवाज आला नाही. आई दारात आली, तिथूनच बोलली.

“मिस्त्री, काहून तिचा जीव काढून राहिले? म्हातारी झाली ती.”

“मावशी, म्हातारी तर माही मायबी हाये. सकाळी उठून भांडते की नाही साऱ्या घराशी?”

“तुमची माय तुमच्यापाशी आहे. भांडेल नाही तर काय.”

पुढच्या सकाळी गाडी पुन्हा गप्प. मिस्त्रींनी टोपीला हातही लावला नाही. पाना खाली ठेवला, खर्रा थुंकून आले आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “ताई, खरं सांगू का? या गाडीत कोनीतरी बसून राहते. मानूस नाही म्हनत मी.”

“जिन?”

“मी नाव नाही घेतलं. तुमीच घेतलं.”

मी हसले. तेही हसले. पण ते गेल्यावर मी शेडमध्ये थांबले नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्या सीटची उसवलेली शिवण, तिच्यातला तुमच्या पाठीचा खोलगट आकार, दारावर कोपर टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा, हे सगळं इतकी वर्षं वस्तूंसारखं वाटत होतं. त्या दिवशी तसं वाटलं नाही. तुम्हाला निघायचं नाही, असं माझ्या मनात येऊन गेलं. तुम्ही हट्टी होतातच.

आज सकाळी आई देवघरात होती. घंटेचा आवाज येत होता. मी शेडमध्ये गेले, बॉनेट उचललं, क्लिपा काढल्या आणि टोपी उलटी करून हातात धरली. मिस्त्रींनी परवा स्वच्छ पुसलेल्या टोपीच्या मधोमध, जिथे कार्बनचं टोक असतं तिथे, एक गोल लाल ठिपका होता. ओला. आणि त्या ओल्या लालात बोटाच्या रेघा उमटलेल्या होत्या, स्पष्ट, कागदावर अंगठा उठवावा तशा. घंटा वाजत होती. मी मान वळवून तुमच्या सीटकडे पाहिलं. ती रिकामी होती. पण मी पाहिलं, हे खरं आहे.

मग मडगार्डला टेकवून ठेवलेली काठी दिसली. मागच्या पडवीत दोरीवर कपडे वाळत घालायची, टोकाला बेचकं असलेली. या बॉनेटचा दांडा कधीचा तुटलेला आहे, तुम्हीही तीच काठी लावायचात. मी आणि मिस्त्री बॉनेट डोक्यावर पेलून काम करत होतो, कारण आम्हाला काठी माहीत नव्हती. म्हणजे मी विसरले होते. विसरली नव्हती ती एकटी आई. नुकतंच प्लास्टर निघालेल्या हाताने ते लोखंड उचलून, काठी लावून, दोन क्लिपा काढून ती आत वाकली असणार. बहुधा सडा घालायला उठते तेव्हा, मी झोपेत असताना.

आणि तिला जागा नेमकी माहीत होती. ती कशी, ते मला तिथे टोपी हातात धरून उभी असताना आठवलं. गाडी घरात आली त्या वर्षीचा दसरा. सकाळी तुम्ही टोपी उघडून आतले पॉइंट साफ करत होतात. आईने विचारलं, हे काय असतं? तुम्ही रंगात होतात, म्हणालात, गाडीचा जीव इथे असतो. थोड्या वेळाने पूजेचं तबक आलं. तुम्ही हार आणायला आत गेलात. तिने स्टिअरिंगला कुंकू लावलं, चाकांना लावलं, आणि जीव इथे असतो म्हणून तिथेही लावलं, भरपूर पाण्यात कालवून, बोट दाबून. तुम्ही येऊन न बघता टोपी बसवलीत. दुसऱ्या दिवशी अकोल्याची तारीख, आणि गाडी काही केल्या सुरू होईना. तुम्ही काळ्या कोटात घामाघूम झालात. एस.टी. निघून गेली. शेवटी टोपी उघडलीत आणि ओरडलात, बाबा. पक्षकार समोर बसलेले असताना ओरडलात. “कुंकू देवाला लाव, उंबऱ्याला लाव, हवं तर माझ्या कपाळाला लाव. इथे लावलंस की करंट भलतीकडेच जातो. गाडी जागची हलणार नाही!” आई सकाळच्या पूजेचं तबक हातात घेऊन उभी होती. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, “बरंच झालं की मग. एक दिवस घरी राहाल.”

आणि तुम्ही राहिलात. दुपारी आमच्याबरोबर पाटावर बसून जेवलात, कामाच्या दिवशी, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. जेवून उठल्यावर तुमचा रागही गेला होता. तुम्ही झोपाळ्यावर पडून मला रेडिओ लावायला सांगितलंत आणि आई विडा करत बाजूला बसली. शेडमध्ये गाडी होती. फाटकाशी येणारा प्रत्येक माणूस तिच्याकडे बघून सरळ आत येत होता, आणि आई प्रत्येकाला सांगत होती, आज नाही भेटणार.

तुम्ही गेल्यावरचा पहिला दसरा मी कसा विसरेन? मी तबक तयार केलं आणि सवयीने तिच्यापुढे धरलं. ती दोन पावलं मागे सरली. म्हणाली, “तू लाव. तुझा हात चालतो.” आता असं कोण मानतं, मी म्हटलं, तुमचे जावई म्हणाले, शेजारणी म्हणाल्या. ती कुणाशी वाद घालत नाही, फक्त ऐकत नाही. कुंकवाची कोयरी तिने देवघराच्या खालच्या फळीवर ठेवली. मला लागली की बोट न लावता, पळीने पुढे सरकवायची. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका आल्या की ती आतल्या खोलीत जाऊन बसते. इतकी वर्षं मी हेच बघते आहे आणि हेच चारचौघांत सांगते आहे, आई जुन्या वळणाची आहे, कुंकवाला शिवत नाही. आणि टोपीतले ते वाळलेले थर! मिस्त्रींनी खरवडून जमिनीवर सांडलेले. माझ्या हाताने बाहेरून पूजा करून घ्यायची आणि मी अकोल्याला परतले की एकटीने जाऊन, जिथे कुणी बघणार नाही तिथे, आपला हात लावायचा. वर्षातून एकदा, असं मी धरून चालते आहे. जास्तही असेल. त्याला दुजोरा देणारं कुणी नाही.

तेव्हा अट सोपी नव्हती. गाडी निघाली तर मी येते, असं तिने सांगितलं, ती निघणार नाही हे ठाऊक असूनच. साक्ष फिरवली नाही, एवढं खरं. आधी मला तिचा राग आला. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर पडून राहणं तिला चालतं, आमच्याकडे आलेलं चालत नाही, असं वाटलं. मग ते आलं घातलेलं आधण आठवलं. गाडी शेडमध्ये असली की तुम्ही घरात असता. गाडी सुरू केली की तिने पायरीवर यायचं आणि मी खाली उतरायचं. मी तिला ते पुन्हा एकदा बघायला लावलं, टाळ्यांच्या आवाजात.

दुपारी मिस्त्री आले, ते मी सुरुवातीला सांगितलंच. ओलं आहे म्हणाले, मग बोटाने चाचपून हुंगलं, आणि माझ्याकडे न बघता देवघराच्या खिडकीकडे बघितलं. त्यांना समजलं असावं. तरी हात सवयीचा. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी पेट्रोलच्या फडक्याने टोपी लख्ख पुसून बसवलीसुद्धा. सेल्फ मारायला निघाले, तेव्हा मी थांबवलं, म्हटलं आई जरा आडवी झाली आहे.

“नवी टोपी आनतो उद्या,” ते म्हणाले. “अन् बॉनेटले कुलूप ठोकू. मंग पाहू कोन शिरते.”

“नको. जुनीच राहू द्या. उद्या येऊन फक्त सेल्फ मारून बघा.”

त्यांनी पाने पिशवीत टाकले. “तुमची गाडी, तुमचा जिन,” म्हणाले.

आईने त्यांना चहा दिला. कप ठेवताना मी तिचा हात पाहिला. अनामिकेच्या नखाच्या कडेला बारीक लाल रेघ होती. घासून घासून धुतल्यावर राहते तेवढीच.

“सापडला का दोष?” तिने विचारलं.

मिस्त्री बशीत बघू लागले.

“नाही अजून,” मी म्हटलं.

“जुनी बिमारी हाये मावशी,” मिस्त्री म्हणाले.

“राहू द्या मग. किती मागे लागायचं कुणाच्या.” तिने मोकळा कप उचलला, दारापर्यंत गेली आणि वळली. “तू थांबून राहिली का मग? की जाशील?”

“थांबते. पेपरची पानं इथूनही लागतात आता.”

“काल दोडका आणला आहे. तुला चालते ना दोडका?”

न्हाणीघरात धरायला कठडा बसवायचा आहे, त्याचा माणूस या आठवड्यात येईल. ओली फरशीही काढून खरखरीत टाकायची आहे. तुमचे जावई रविवारी येतो म्हणाले. दसऱ्यापर्यंत मी इथेच आहे. त्यानंतर मी अपडाऊन करायचं की तिने अकोल्याला यायचं, हे आज ठरलेलं नाही, आणि मी ते ठरवायला घाईही करणार नाही. दसऱ्याला मी बॉनेट उघडून टोपी काढून ठेवणार आहे आणि कोयरी पळीने न सरकवता तिच्या हातात देणार आहे. ती घेईल की नाही, सांगता येत नाही.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही. लॅपटॉप बंद करताना हे ठेवू का म्हणून विचारेल, मी नाही म्हणेन. आत दोडका चिरल्याचा आवाज येतो आहे. बाहेर अंधारून आलं आहे आणि शेडमधला तो एक दिवा एवढ्यात दिसेनासा होईल. ही गाडी पुन्हा सुरू व्हावी असं मला कधी वाटलंच नव्हतं, बाबा. त्या आरशात बघत अकोल्यापर्यंत जायचं माझ्या जिवावर आलं होतं. टोपी आत्ता स्वच्छ आहे. कुणी हात लावला नाही तर गाडी उद्या पहिल्या सेल्फला उठेल. पण मघाशी येताना मी बॉनेट पुरतं दाबलं नाही, आणि कपड्यांची काठी पडवीतून आणून शेडच्या दाराशी, तिच्या हाताला येईल अशी उभी करून ठेवली आहे.

मिस्त्री उद्या सकाळी येणार आहेत. गाडी सुरू होणार नाही, असा अंदाज आहे.